दोन्ही घरचा पाहुणा आणि एक गृहकर्ज

तुझं वाचून हसू आलं, राग नको मानू. गाव आणि आडनाव बदललं की पंधरा-वीस वर्षांपूर्वीचा मीच. तुझ्याहून बराच मोठा आहे म्हणून अरे-तुरे करतोय.

संघाचं घर, शाखेत वाढलास, मतही त्याच बाजूला देतोस आणि गे आहेस. पुण्यातल्या मित्रांनी "स्वतःच्याच गळ्याला फास लावणारा" म्हणून ग्रुपमधून काढलं, घरी बायोडेटा फिरतोय, आणि दोन्हींपैकी काय सोडू असं विचारतोयस. बाकीच्यांनी त्यावर भरपूर लिहिलंय. मला मात्र धास्ती वाटली ती तुझ्या शेवटच्या ओळीची, जिच्याकडे कुणी बघितलंच नाही: "आम्ही दोघं वाकडला फ्लॅट बघतोय."

आधी राजकारण उरकतो. काहीही सोडू नकोस. मत कुणाला दिलं यावरून माणसाला वाळीत टाकणारे स्वतःला उदारमतवादी म्हणवतात, तो त्यांचा प्रश्न. पण त्यांच्यासमोर आपल्या बाजूची प्रत्येक गोष्ट झाकत बसू नकोस, ते मला बघवत नाही. २०१३ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ पुन्हा जिवंत केलं तेव्हा भाजपच्या अध्यक्षांनी उघड पाठिंबा दिला होता. २०१५ मध्ये ते कलम सौम्य करायचं खासगी विधेयक लोकसभेत मांडूसुद्धा दिलं नाही, ७१ विरुद्ध २४. २०२३ मध्ये केंद्राने समलिंगी विवाहाच्या खटल्यातल्या प्रतिज्ञापत्रात नवरा, बायको आणि मुलं म्हणजेच भारतीय कुटुंब असं सांगितलं. हे सगळं झालंय. समोरच्यांनाही मग आठवण करून दे, की २००८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात ३७७ ची बाजू लढवणारं सरकार काँग्रेसचं होतं, आणि २०२३ मध्ये समलिंगी विवाहाला विरोध कळवणाऱ्या राज्यांत तेव्हाचं काँग्रेसचं राजस्थानही होतं. सुप्रिया सुळेंनी २०२२ मध्ये विवाहाचं खासगी विधेयक मांडलं, ते मात्र मी विरोधी पक्षाच्या खात्यावर प्रामाणिकपणे जमा करतो.

संघाचं म्हणशील तर गाडी हलली आहे, पण स्टेशन अजून लांब आहे. २०१६ मध्ये संघाचे वरिष्ठ पदाधिकारी होसबळे एक दिवस गुन्हा नाही म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी त्याला अनैतिकतेची आणि मानसिक आजाराची पुस्ती जोडली. २०२३ च्या जानेवारीत सरसंघचालक भागवतांनी महाभारतातल्या जरासंधाच्या हंस आणि डिंभक या सेनापतींचा दाखला देऊन अशी माणसं आपल्यात कायम होती, त्यांनाही समाजात जागा हवी असं सांगितलं. दोनच महिन्यांत समलिंगी विवाहाला संघाचा ठाम नकार आला. आमच्या ओळखीतल्या एका जुन्या स्वयंसेवक काकांनी हंस-डिंभक वाचून मला फोन केला होता, "तुझंच आहे ना रे हे?" म्हणून. मी हो म्हटलं. पुढे त्यांनी फक्त जेवायला कधी येतोस ते विचारलं. सगळेच असे नसतात, त्यामुळे यावरून नियम काढू नकोस.

आता फ्लॅट.

मी वकील नाही, सीए नाही, नियम बदलत असतात, तेव्हा पुढचं सगळं कुणाकडून तरी तपासून घे. दोन मित्रांनी मिळून घर घेऊ नये असं कुठल्याही कायद्यात नाही. करारनाम्यात दोघांची नावं सुखाने लागतात. अडतं ते कर्जाला. मालकीत ज्याचं नाव त्याने कर्जातही सहअर्जदार असलं पाहिजे असा बँकांचा आग्रह, आणि सहअर्जदार म्हणून नवरा-बायको, आईवडील, मुलं, भावंडं एवढेच चालतात असं बऱ्याच बँकांचं धोरण. म्हणजे एका दाराने आत घेतात आणि दुसऱ्याने बाहेर काढतात.

मी आणि माझा जोडीदार गेलो ती बँक मोठी होती, नाव घेत नाही. "मुख्य अर्जदाराशी नाते" या रकान्यात आम्ही "मित्र" लिहिलं. कर्ज विभागातल्या साहेबांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "मित्र नाही चालत. मावसभाऊ लिहा, आडनाव वेगळं असलं तरी खपतं." वर टेबलावरची व्हाइटनरची बाटली माझ्याकडे सरकवली. खोटं लिहिणार नाही म्हटल्यावर फाइल वर गेली, खाली आली, पुन्हा वर गेली. नकार लेखी द्या म्हटलं, तर "नकार कुठे दिलाय? एकाच्या नावावर देतोच आहोत की!" वरच्या कार्यालयात गेलो तर तिथल्या बाईंनी पुन्हा शाखेत पाठवलं. इकडे बिल्डर रोज फोन करत होता, बुकिंगची रक्कम बुडायची वेळ आली. शेवटी कर्ज आणि घर दोन्ही माझ्या एकट्याच्या नावावर झालं.

त्याचं पुढे काय झालं ते नीट वाच. निम्मा हप्ता वर्षानुवर्षं जोडीदार भरत होता, पण मालकी नाही म्हणून आयकरात व्याजाची वजावट त्याला शून्य. कर्ज फिटल्यावर अर्धा हिस्सा त्याच्या नावावर करायला गेलो. महाराष्ट्रात राहतं घर नवऱ्याने बायकोला बक्षीस दिलं तर मुद्रांक शुल्क २०० रुपये. आम्हाला खरेदीखताइतकं. शिवाय आयकराच्या लेखी तो माझा "नातेवाईक" नाही, म्हणून बक्षीस मिळालेलं अर्धं घर हे त्याचं उत्पन्न आणि त्यावर कर. सीएने डोकं खाजवलं आणि अखेर तो हिस्सा मी त्याला रीतसर विकला. ज्या घराचे हप्ते भरले तेच घर माणसाने पुन्हा विकत घेतलं! (बक्षिसावरच्या या कराला मुंबई उच्च न्यायालयात २०२५ मध्ये एका जोडप्याने आव्हान दिलंय, त्यावर लक्ष ठेव.)

म्हणून बँक आधी ठरव, फ्लॅट नंतर. टोकन द्यायच्या आधी "नातेवाईक नसलेला सहअर्जदार चालतो का" याचं उत्तर ईमेलवर घे. तोंडी "हो जाईल सर" याची किंमत शून्य. २८ ऑगस्ट २०२४ चं अर्थ मंत्रालयाचं पत्र मोबाइलमध्ये ठेव. त्यानुसार समलिंगी जोडीदाराबरोबर संयुक्त खातं काढायला आणि त्याला नॉमिनी करायला आडकाठी नाही. काउंटरवरच्या माणसाला ते ठाऊक असेलच असं नाही, आणि कर्जाबद्दल त्यात काही नाही.

मृत्युपत्र तर या महिन्यातच कर. सोसायटीत नॉमिनी लावला म्हणजे झालं असं समजू नकोस, नॉमिनी विश्वस्त असतो, मालक नव्हे. अविवाहित हिंदू पुरुष मृत्युपत्राविना गेला तर पहिली वारस आई. जोडीदार त्या यादीत शेवटीसुद्धा नाही. मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात, नोंदणी सक्तीची नाही पण करून टाक.

उजव्या विचारांचा म्हणून मला या सगळ्याचा जास्त राग येतो. घर करा, कर्ज बुडवू नका, म्हाताऱ्यांना सांभाळा, सरकारपुढे हात पसरू नका, हेच ना आपल्याला शिकवलं? ते करायला निघालेल्या दोन माणसांना व्यवस्था खोटं नातं लिहायला सांगते. आपल्या लोकांशी वाद घालायचा तर या मुद्द्यावर घाल. हक्क, अस्मिता वगैरे शब्द काढलेस की कान बंद होतात. ब्रिटनमध्ये तेव्हाचा पंतप्रधान कॅमेरॉन याने २०११ च्या पक्षाच्या अधिवेशनात हेच केलं: मी परंपरावादी असूनही नव्हे, तर परंपरावादी आहे म्हणूनच समलिंगी विवाहाच्या बाजूचा आहे, असं सांगितलं. २०१३ मध्ये विधेयक आलं तेव्हा त्याच्याच पक्षाचे जास्त खासदार विरोधात गेले, तरी ते मंजूर झालं. आपल्याकडे समलिंगी विवाहावरच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालाने चेंडू संसदेकडे टोलवलाय, म्हणजे आज ना उद्या आपल्याच लोकांना पटवावं लागणार.

स्थळांचं: मुलीला फसवून लग्न करू नकोस. यावर मला चर्चा करायची नाही. घरी कुणी "चांगला डॉक्टर" सुचवला, तर लैंगिक कल बदलायचे असले उपचार करणं हे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये व्यावसायिक गैरवर्तन ठरवलंय, एवढं त्या डॉक्टरच्या कानावर घाल. आईला आधी सांग, बाबांना तीच सांगेल. शाखेत आत्ता सांगायची गरज नाही, कुणी थेट विचारलं तर मात्र नाही म्हणू नकोस.

आणि त्या बँकेचं नाव व्यनितून (खासगी निरोपातून) विचारू नकोस. तुझ्या वाकडच्या बिल्डरने कुठल्या बँकेशी संधान बांधलंय ते कळव, म्हणजे ईमेलमध्ये नक्की काय विचारायचं ते सांगता येईल.