ग्रबची 'ब्लॉकलिस्ट' एरर: दोष डिस्कचा नाही, राहून गेलेल्या १ एमबीचा आहे

तुमची पोस्ट वाचली आणि दुखणे लगेच ओळखीचे वाटले. व्हॉइड लिनक्सची बेस इमेज, १२८ जीबीचा एसएसडी, सीएफडिस्क या पार्टिशन पाडायच्या साधनात पहिले पार्टिशन (एसडीए१) रूटला, म्हणजे मुख्य सिस्टमला, आणि दुसरे (एसडीए२) स्वॅपला, म्हणजे रॅमच्या पूरक जागेला. फाइली सगळ्या नीट उतरल्या आणि शेवटच्या पायरीवर ग्रब (मशीन सुरू होताना लिनक्स उठवणारा बूटलोडर) 'ब्लॉकलिस्ट वापरून पुढे जाणार नाही' म्हणत थांबला. मग डीडी कमांडने डिस्कची सुरुवात पुसली, सीएफडिस्कने लेबल (पार्टिशनच्या तक्त्याचा प्रकार) विचारले, तुम्ही यादीतले पहिले जीपीटी निवडले, आणि पुन्हा तेच. त्यावर इथे दोघांनी डिस्क बदलायला सांगितले आहे.

डिस्क बदलू नका. डिस्क जात असेल तर सहसा डीमेसेजमध्ये (कर्नलच्या नोंदींत) आय/ओ एरर दिसतात, फाइली उतरतानाच काम अडखळते, डिस्कची तब्येत सांगणाऱ्या स्मार्टसीटीएलच्या अहवालात रीअलोकेटेड (बिघडल्याने बदललेल्या) सेक्टरचा आकडा चढलेला असतो. यातले काहीही न विचारता लोकांना खर्चात घालणारे सल्ले वाचले की खरोखर वाईट वाटते. ब्लॉकलिस्टच्या एररचा डिस्कच्या तब्येतीशी संबंध नसतो.

माझे सर्वात जास्त तास याच एका चुकीने खाल्ले आहेत, म्हणून इतर पायऱ्या सोडून तिच्यावरच लिहितो. चूक अशी, की इन्स्टॉलर कोणत्या मोडमध्ये सुरू झाला आहे हे न बघता पार्टिशन पाडायला बसणे. बूट मेनूमध्ये एकच पेनड्राइव्ह बऱ्याचदा दोनदा दिसतो, एकदा नुसत्या नावाने आणि एकदा पुढे 'यूईएफआय' (मशीन सुरू करायची नवी पद्धत) लावून. नुसत्या नावाची ओळ निवडली की सगळे जुन्या बायोस पद्धतीने सुरू होते आणि पडद्यावर फरक जवळजवळ कळतच नाही. खात्री करायची तर सीएफडिस्क उघडण्याआधी /सिस/फर्मवेअर/ईएफआय ही डिरेक्टरी आहे का ते एलएसने बघा. नसेल तर तुम्ही बायोस मोडमध्ये आहात. तुमच्या वर्णनावरून तुम्ही तिथेच आहात, असा माझा जवळपास पक्का अंदाज आहे.

आता हे का अडते? बायोस मोडमध्ये ग्रबला आपला मधला भाग कुठेतरी ठेवावा लागतो. डॉस या जुन्या लेबलवर एमबीआर (डिस्कचा पहिला सेक्टर) आणि पहिले पार्टिशन यांच्यामधली मोकळी जागा त्याला पुरते. जीपीटीमध्ये एमबीआरनंतरचे ३३ सेक्टर खुद्द तक्त्याचेच असतात, म्हणून ग्रब स्वतःसाठी 'बायोस बूट' प्रकारचे वेगळे पार्टिशन मागतो. ते नसेल तर एकच वाट उरते: फाइल ज्या सेक्टरांवर पडली आहे त्यांचे आकडे लिहून ठेवायचे. फाइल जरा हलली की मशीन उठणार नाही, म्हणून तो नकार देतो, आणि ते बरोबरच करतो. तुमच्या एररमध्ये वरची एक ओळ असणार, जीपीटी लेबलवर बायोस बूट पार्टिशन नाही असे सांगणारी. लोक फक्त शेवटची ओळ वाचतात.

सीएफडिस्कही इथे मदत करत नाही. डिस्कवर आधीचा तक्ता असेल तर ते लेबल विचारत नाही, आहे तेच पुढे चालवते. कोरी सुरुवात हवी असेल तर 'झेड'चा पर्याय देऊन उघडायचे. आणखी एक गोंधळ: व्हॉइडच्या इन्स्टॉलरची सूचना पार्टेडच्या भाषेत 'बायोस_ग्रब' फ्लॅग लावायला सांगते. सीएफडिस्कमध्ये तसा फ्लॅग शोधत बसू नका, 'टाइप'मध्ये जाऊन 'बायोस बूट' निवडा. 'बूटेबल'चे बटणही जीपीटीवर नसते, त्यामुळे काही हरवले आहे असे समजू नका.

मशीनला यूईएफआय येत असेल तर माझे स्पष्ट मत: डिस्क कोरीच आहे, पुन्हा यूईएफआय मोडमध्ये बूट करून नव्याने टाका. पहिले पार्टिशन ५१२एम, टाइप 'ईएफआय सिस्टम', फाइलसिस्टम व्हीफॅट, माउंट /बूट/ईएफआयवर. मग रूट, मग स्वॅप. 'न्यू' केल्यावर सीएफडिस्क उरलेली सगळी जागा आकडा म्हणून पुढे ठेवते, तो खोडून आपला लिहा. (१२८ जीबीची डिस्क तिथे ११९.२जी दिसते. जागा चोरीला गेलेली नाही, मोजायची पद्धत १०२४ची आहे.) 'राइट'ला पूर्ण 'येस' टाइप करेपर्यंत डिस्कवर काहीच लिहिले जात नाही.

मशीन जुने असून फक्त बायोसच असेल तर पुन्हा टाकायचीही गरज नाही. स्वॅप बंद करा, एसडीए२ काढा, त्या जागी १एमचे 'बायोस बूट' पाडा, उरलेल्या जागेत स्वॅप. हे पार्टिशन डिस्कच्या सुरुवातीलाच हवे असे नाही. त्यावर फाइलसिस्टम मात्र करू नका, माउंटही नाही. नव्या स्वॅपवर एमकेस्वॅप चालवा आणि एफस्टॅबमधला (बूटवेळी काय जोडायचे त्या यादीतला) जुना यूयूआयडी, म्हणजे स्वॅपचा ओळख क्रमांक, बदला, नाहीतर स्वॅप चालू होणार नाही. मग रूट माउंट करा, डेव्ह, प्रॉक आणि सिस बांधून क्रूट करा (म्हणजे इन्स्टॉल झालेल्या सिस्टमच्या आत शिरा) आणि ग्रब-इन्स्टॉल पूर्ण डिस्कवर, म्हणजे एसडीएवर चालवा. एसडीए१वर नाही. शेवटी ग्रब-एमकेकॉन्फिगने मेनूची फाइल तयार करा.

'राइट' करताना डिव्हाइस बिझी आले तर बहुधा जुने स्वॅप किंवा एलव्हीएम (पार्टिशनवर उभारलेले व्हॉल्यूम) जागे असते. स्वॅपऑफ, व्हीजीचेंजने बंद, आणि तरी अडले तर सरळ रीबूट.

डीडीबद्दल: त्याने फक्त सुरुवात पुसली जाते. जीपीटीच्या हेडरची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटच्या सेक्टरमध्ये असते आणि जीडिस्कसारखे साधन ती सापडली की मुख्य हेडर तिच्यावरून पुन्हा उभे करते. म्हणून वाइपएफएस वापरा. नुसते चालवले तर लेबल आणि फाइलसिस्टमच्या खुणांची यादी देते, 'ए'चा पर्याय दिला तर पुसते. आधी एकेका पार्टिशनवर, मग पूर्ण डिस्कवर. उलट केले तर जुनी एक्स्ट४ फाइलसिस्टम नव्या पार्टिशनमध्ये पुन्हा दिसू शकते.

हे सगळे डिस्कवर जपण्यासारखे काही नाही हे धरून लिहिले आहे. शेजारी विंडोज असेल तर त्याचे ईएफआय पार्टिशन तसेच वापरा, आणि इन्स्टॉलर 'नवी फाइलसिस्टम करू का' विचारेल तेव्हा त्या एकासाठी 'नाही' म्हणा. 'हो' म्हटले की विंडोजचा बूटलोडर गेला.

यूईएफआयने टाकूनही मशीनला ग्रब सापडला नाही तर क्रूटमधून ग्रब-इन्स्टॉलला 'रिमूव्हेबल'चा पर्याय देऊन बघा. काही फर्मवेअर ठरलेल्या एकाच जागी बघतात आणि हा पर्याय ग्रब तिथेच ठेवतो. तरीही अडलात तर एलएसबीएलकेचे आणि एफडिस्कच्या 'एल' पर्यायाचे पूर्ण आउटपुट इथे टाका, फोटो नको.