पेटीतले पुस्तक

प्रश्न : आदरणीय ताई, माझे वय ३१ असून रत्नागिरीजवळच्या एका मासळी प्रक्रिया कारखान्यात मी कामाला आहे. पाळी कधी सकाळची असते, कधी दुपारची. अर्धवट राहिलेले बी. ए. पूर्ण करण्यासाठी मी यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठात प्रवेश घेतला आहे. पहाटे ४ वाजता उठून दोन तास अभ्यास करायचा, असा संकल्प पाडव्यापासून तीनदा केला आणि तिन्ही वेळा आठ-दहा दिवसांत मोडला. एक दिवस चुकला की मन उडते आणि पुस्तके पुन्हा पत्र्याच्या पेटीत जातात. घरात मला आरंभशूर म्हणतात. माझ्यात जिद्दच नाही का?
– एक वाचक

उत्तर : दिवसभर बर्फाच्या पाण्यात हात घालून काम केल्यावर जी तिसऱ्यांदा पुस्तक उघडते, तिच्यात जिद्द नाही असे मी म्हणणार नाही, आणि तुम्हीही म्हणू नका. तुमचे पत्र मी दोनदा वाचले. चूक संकल्पाच्या बांधणीत आहे. दुपारपाळी संपवून रात्री उशिरा घरी येणाऱ्या बाईने पहाटे ४ ची वेळ धरली, तर ती मोडणारच.

आपल्याकडे भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून खाडीत होडी घालणारा माणूस घड्याळापेक्षा पाण्याकडे पाहून निघतो आणि तरीही त्याचा नेम चुकत नाही. तुमचा अभ्यासही घड्याळाला न बांधता, पाळी कोणतीही असली तरी रोज घडणाऱ्या एखाद्या गोष्टीला बांधा : कामावरून आल्यावर हातपाय धुऊन चहाचा कप घेतला, की तो संपेपर्यंत एक पान वाचायचे. पीटर गोलविट्झर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने नुसते ‘करीन’ म्हणण्यापेक्षा ‘अमुक झाले की तमुक करीन’ असे ठरवणे अधिक उपयोगी ठरते, हे प्रयोगांतून दाखवले आहे. एक पान फारच थोडे वाटेल, पण सुरुवातीला अभ्यास किती झाला यापेक्षा बसणे अंगवळणी पडणे महत्त्वाचे आहे.

२१ दिवसांत सवय लागते, हे सर्रास सांगितले जाते, त्यावर विसंबू नका. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांच्या सवयींचा मागोवा घेतला, तेव्हा कोणाला १८ दिवस पुरतील तर कोणाला २५४ लागतील असे दिसले, आणि मधला आकडा ६६ निघाला. त्याच अभ्यासात एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही, हे मला सर्वांत मोलाचे वाटते, कारण तुमचे तिन्ही संकल्प नेमके चुकलेल्या एका दिवसाने संपवले.

माझे वडील नव्या हापूस कलमांना उन्हाळ्यात विहिरीवरून कळशीने पाणी घालत. कधी पाहुणे आले, कधी ताप आला, की एखादा दिवस राहून जाई. दुसऱ्या दिवशी मात्र ते नेहमीइतकीच कळशी प्रत्येक आळ्यात ओतत. कालची म्हणून जास्तीची घालत नसत. तुम्हीही चुकलेल्या पानाची भरपाई करायला जाऊ नका, कारण त्या ओझ्यानेच दुसरा दिवसही बुडतो.

आता पेटीविषयी. पावसाळ्यात पुस्तकांना बुरशी येते म्हणून ती पेटीत ठेवता, हे मी समजू शकते. परंतु गोधड्या उचलून झाकण उघडावे लागले, तर दमलेला माणूस तिथेच थांबतो. चालू विषयाचे एकच पुस्तक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून चहा-साखरेच्या डब्यांशेजारी ठेवा, बाकीची पेटीत राहू द्यात.

राहिला घरातल्यांचा प्रश्न. आरंभशूर म्हणणाऱ्यांना उत्तर देत बसू नका, पण चहाच्या त्या वेळात पाणी भरणे किंवा मुलांचे पाहणे दुसऱ्या कोणीतरी करावे, हे स्पष्ट शब्दांत सांगा, कारण मोकळी पंधरा मिनिटे नसतील तर वर लिहिलेले काहीच चालणार नाही. आज पाळीवरून आलात, की आधी पेटी उघडा.