कुमारदेवीचं नाणं: चेहऱ्यापेक्षा माहेर मोठं

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात: गुप्त घराण्यातला राजा चंद्रगुप्त पहिला आणि त्याची राणी कुमारदेवी यांच्या सोन्याच्या नाण्यावर राणीचा हुबेहूब चेहरा आहे का, आणि राणीचं असं प्राचीन नाणं जगात हे एकच का.

दुसरं आधी. एकच मुळीच नाही. याच्या जवळपास सहाशे वर्षं आधी इजिप्तच्या टॉलेमी राजांनी राणी आर्सिनोई दुसरी हिची मोठी सुवर्णनाणी पाडली. वजन सत्तावीस-अठ्ठावीस ग्रॅम, म्हणजे आपल्या आजच्या हिशेबाने पावणेतीन तोळे! डोक्यावरून पदरासारखं वस्त्र, कानाजवळ देवत्वाची खूण म्हणून मेंढ्याचं छोटं शिंग. व्यक्तिचित्र म्हणायचं तर ते.

गुप्तांचं नाणं पाऊण तोळ्याच्या आसपास. त्यावर राजा-राणी दोघंही उभी, त्यामुळे चेहरा ज्वारीच्या दाण्याएवढा. साचा बदलला की नाकडोळेही बदलतात. राजा तिला काहीतरी देतोय. अंगठी, कंकण की सिंदूर, यावर अभ्यासक अजून भांडतात. ती कुमारदेवी आहे हे कळतं ते शेजारच्या ब्राह्मी अक्षरांवरून. तेव्हा विकणारा ‘राणीचा खरा चेहरा’ म्हणून भाव चढवत असेल, तर चेहरा सोडा, अक्षरं वाचा.

आणि नाणं उलटवून पाहा, खरी गंमत मागे आहे. सिंहावर बसलेली देवी आणि लेख ‘लिच्छवयः’, म्हणजे ‘लिच्छवी’, तिच्या माहेरचं कुळ. तेही अनेकवचनात! राणीचं अख्खं माहेर नाण्यावर. चंद्रगुप्ताचे वडील आणि आजोबा नुसते ‘महाराज’, हा मात्र ‘महाराजाधिराज’. या चढतीत सासुरवाडीचा हात असणार, असं बहुतेक इतिहासकार धरतात. मुलगा समुद्रगुप्त तर अलाहाबादच्या स्तंभलेखात स्वतःला ‘लिच्छविदौहित्र’, म्हणजे लिच्छवींच्या लेकीचा मुलगा, म्हणवतो.

हे नाणं समुद्रगुप्ताने आईवडिलांच्या स्मरणार्थ पाडलं, असं ब्रिटिश नाणेतज्ज्ञ जॉन अ‍ॅलनचं मत होतं. आपल्या कोल्हापूरकडच्या इतिहासकार अनंत सदाशिव आळतेकरांनी ते खोडून काढलं: नाणं चंद्रगुप्ताचंच. मला आळतेकर पटतात. मुलाने पाडलं असतं तर त्याचं नाव कुठेतरी आलंच असतं. समुद्रगुप्त काही नाव लपवणाऱ्यांतला नव्हता. त्याच्या अश्वमेध नाण्यावर मागे चवरी घेतलेली राणी आहे, पण तिचं नाव नाही; लेख आहे तो राजाच्या पराक्रमाचा.

कुमारदेवीचं नाव पुढे आपल्याकडेही पोचलं. तिची पणती प्रभावतीगुप्ता ही विदर्भातल्या वाकाटकांची सून, दुसऱ्या रुद्रसेनाची राणी. नवरा गेल्यावर रामटेकजवळच्या नंदिवर्धनाहून, म्हणजे आजच्या नगरधनहून, तिने मुलाच्या वतीने राज्य चालवलं. तिथून दिलेला तिचा ताम्रपट पुण्यात एका तांबटाकडे मिळाला. त्यात वंशावळ येते ती सासरची नव्हे, गुप्तांची, आणि त्यात ‘महादेवी कुमारदेवी’ नावानिशी आहे.