सतराची काइट हप्त्यावर घ्यावी का?

म्हापशाच्या एका वाचकाचं पत्र आलंय. वय ३१, वजन ७८ किलो, हातात येणारा पगार ६२ हजार, घरखर्च ३८ हजार, एसआयपी ८ हजार, बँकेत शिल्लक १ लाख ४० हजार. शनिवार-रविवारी गोव्यातल्या मोरजीच्या किनाऱ्यावर काइटसर्फिंग करतात, म्हणजे मोठ्या पतंगाच्या ओढीने बोर्डावर उभं राहून पाण्यावरून धावतात. बाराची (म्हणजे १२ चौरस मीटर कापडाची) काइट आणि १३८ बाय ४२ सेंटिमीटरचा ट्विनटिप, म्हणजे दोन्ही दिशांना सारखाच चालणारा, बोर्ड आहे. बाराची १३ नॉटच्या (ताशी सुमारे २४ किलोमीटर वाऱ्याच्या) खाली नीट ओढत नाही, म्हणून गेल्या हंगामात ११ दिवस किनाऱ्यावर जाऊन पाण्यात न उतरता परतावं लागलं. आता नवी सतराची काइट १ लाख ६५ हजारांना मिळतेय, क्रेडिट कार्डावर १८ हप्ते, व्याज १५ टक्के. दुसरा पर्याय परत जाणाऱ्या एका पर्यटकाची वापरलेली पंधराची, ५५ हजारांत. घ्यावी का, आणि कुठली?

सतराची हप्त्यावर घेऊ नका. पंधराचीही या हंगामात नको. कारण निम्मं वाऱ्याचं आहे आणि निम्मं तुमच्या शिलकीचं.

आधी वारा. काइटची ओढ वाऱ्याच्या वेगाच्या वर्गावर चालते. १० नॉटची ताकद १०० धरली तर १२ नॉटची १४४. म्हणजे दोन नॉट कमी झाले की ती ओढ भरून काढायला कापड जवळजवळ दीडपट लागतं. बारावरून सतरावर गेलात की कापड ४२ टक्क्यांनी वाढतं. हिशेब उलटा मांडला तर तुमची बाराची जिथे १३ नॉटला चालते, तिथे सतराची ११ नॉटला चालेल. पाच चौरस मीटर कापडाने तुम्हाला दोन नॉट मिळतात. प्रत्यक्षात थोडे कमीच, कारण मोठी काइट जड असते आणि वळायला वेळ घेते. हलक्या वाऱ्यात काइट सारखी फिरवूनच ओढ काढावी लागते, तिथे हा संथपणा नडतो. सात-आठ नॉटला ती मागे सरकत पाण्यात बसते आणि तेवढ्या वाऱ्यात पुन्हा उठत नाही. भिजलेली सतराची हाताने ओढत किनारा गाठावा लागतो, आणि शापोरा नदीच्या मुखाशी ओहोटी लागलेली असेल तर ते फार जोखमीचं आहे.

तुम्ही वाऱ्याचे आकडे लिहून ठेवलेत हे उत्तम केलंत. त्या ११ दिवसांपैकी पाच दिवस दुपारी चार वाजताही वारा १० नॉटच्या खाली होता. ते पाच दिवस सतराची घेऊनही वाया गेले असते. उरले सहा. त्यांतही १० ते ११ नॉटच्या दिवशी सतराची तुम्हाला जेमतेम उभं करेल, पण आपण सहाही तिच्या बाजूने धरू.

आता पैसे. १ लाख ६५ हजार, १५ टक्के, १८ महिने: हप्ता सुमारे १०,२९० रुपये, व्याज सुमारे २० हजार. कार्डाच्या हप्त्यातल्या व्याजावर १८ टक्के जीएसटी वेगळा लागतो, तो साडेतीन हजारांच्या वर. प्रक्रिया शुल्क धरलं नाही तरी काइट १ लाख ८९ हजारांना पडली. तीन हंगामांत ब्लॅडर (काइटच्या नळ्यांतली हवेची पिशवी), व्हॉल्व्ह, शिवण यांवर १५ हजार जातील असं धरा आणि शेवटी ती ५५ हजारांना विकली गेली असंही धरा. इतक्या मोठ्या काइटला गिऱ्हाईक कमी, म्हणून हा आकडा मी उदारपणे घेतलाय. निव्वळ खर्च १ लाख ४९ हजार. हंगामाला सहा दिवस, दिवसाला दोन तास, तीन हंगाम: ३६ तास. तासाला ४,१०० रुपयांच्या वर. मोरजीतल्या शाळेने मोठी काइट दिवसाला ४ हजार भाड्याने सांगितलीय, म्हणजे तासाला दोन हजार, आणि ब्लॅडर फुटला तर दुरुस्तीची जबाबदारी काय हे आधी विचारून घेतलं की बाकी डोकेदुखी त्यांची.

शिवाय त्या १ लाख ६५ हजारांत बार, म्हणजे काइटच्या दोऱ्या (लाइनी) जोडलेला हातातला दांडा, आहे का, हे पत्रात नाही. काइटचा भाव बहुधा नुसत्या काइटचाच असतो. सतराच्या काइटला रुंद बार लागतो. बाराच्या बारवर ती वळता वळत नाही. विक्रेत्याकडून लिहून घ्या. परदेशी संकेतस्थळावरचा भाव असेल तर सीमाशुल्क किंमत, वाहतूक आणि विमा अशा तिन्हींच्या बेरजेवर लागतं, आणि कार्डावर परकीय चलनाचा अधिभार येतो तो वेगळा.

पण पत्राच्या शेवटी तुम्ही जाता जाता एक ओळ लिहिलीय: ओळखीच्या एकाकडे १५९ बाय ४५चा वापरलेला बोर्ड २८ हजारांत आहे. माझ्या मते पत्रातली सगळ्यात मोलाची ओळ तीच. हलक्या वाऱ्यात अडतं ते नुसतं काइट ओढत नाही म्हणून नव्हे, तर अरुंद, वाकदार बोर्ड पाण्यावर उचलला जात नाही म्हणूनही. मोठा, सपाट बोर्ड लवकर उचलला जातो आणि तुमची हीच बाराची साधारण साडेअकरा नॉटपासून कामाला येईल. सहापैकी तीन-चार दिवस तिथेच सुटतात. बोर्डाला उन्हाने कापडासारखा थकवा येत नाही, त्यामुळे तीन हंगामांनी १८ हजार यायला हरकत नाही. खर्च १० हजार, तास वीसेक: तासाला ५०० रुपये. त्याच्या जोडीला लाइनींना तीन-चार मीटरची जोड लावा. लांब लाइनवर काइटला फिरायला जास्त अवकाश मिळतो, फेरीमागे ओढ वाढते, आणि खर्च किरकोळ. मात्र किनाऱ्यावर तेवढी मोकळी जागा हवी. मोरजीत टेंबवाड्याच्या बाजूला कासवांच्या अंड्यांसाठी राखलेला पट्टा असतो, तिथे लाइनी पसरू नयेत.

फॉइल, म्हणजे पाण्याखालच्या पंखामुळे पाण्यावर उचलला जाणारा बोर्ड, शिकायचा विचार असेल तर सतराचीचा विषयच संपतो. फॉइलवर तुमच्या वजनाला १० नॉटमध्ये बाराची पुरते. दोन वर्षांत तिकडे वळलात तर सतराची कपाटात पडून राहील. ओहोटीला वाळूच्या पट्ट्यावर फॉइलला पुरेसं पाणी मिळत नाही, ही अडचण तेवढी लक्षात ठेवा.

वापरलेल्या पंधराचीला मी कायमचं नाही म्हणत नाही. ती घेण्याजोगी आहे का, हे किनाऱ्यावर दोन तासांत कळतं. काइट सावलीत फुगवा, दाब लीडिंग एजवर (पुढच्या कडेच्या फुगणाऱ्या नळीवर) छापला असेल तेवढाच. मोठ्या काइटची नळी जाड असते आणि तिला लहान काइटपेक्षा कमी दाब लागतो. पंप मारत सुटलं तर ब्लॅडर फुटतो. मग लीडिंग एजपासून प्रत्येक स्ट्रटकडे (तिला जोडलेल्या आडव्या फुगणाऱ्या नळीकडे) जाणाऱ्या नळीची क्लिप बंद करा आणि दोन तास तशीच ठेवा. जो स्ट्रट मऊ पडेल, त्याच्याच ब्लॅडरमध्ये गळती. व्हॉल्व्हच्या बुडाशी बोट फिरवा. गोव्याच्या उन्हात गाडीच्या डिकीत राहिलेल्या काइटचा तिथला गोंद पिवळा आणि चिकट होतो, कडा सुटायला लागते. एक व्हॉल्व्ह सुटला असेल तर बाकीचेही त्याच वाटेवर असतात. मागच्या कडेची शिवण, ब्रायडलच्या (काइटच्या पुढच्या कडेला लाइनी जोडणाऱ्या दोऱ्यांच्या) पुली आणि त्यांखालची दोरी पाहा. कापड चुरगाळून बघा: कुरकुरीत आवाज आला तर जीव आहे, ओढणीसारखं मऊ लागलं तर ते हलक्या वाऱ्यात आकार धरणार नाही.

लाइनींची तपासणी कुणी करत नाही, आणि खरा घोळ तिथेच असतो. चारही टोकं एका खिळ्याला अडकवून बार ओढा. बहुतेक भार पुढच्या लाइनींवर येत असल्याने त्या ताणून लांबतात, मागच्या त्या मानाने आखूड राहतात, आणि काइट मागे झुकून कोसळते. बरेच जण याला काइटचा दोष समजून ती विकायला काढतात. मागच्या लाइनींच्या गाठी सरकवून हे फुकट दुरुस्त होतं, आणि भाव करताना ते तुमच्या बाजूने येतं.

आता शिलकीकडे या. ३८ हजारांच्या खर्चाला सहा महिन्यांची गंगाजळी २ लाख २८ हजार हवी. तुमच्याकडे ८८ हजार कमी आहेत. महिन्याला उरतात १६ हजार, त्यातले १० हजारांच्या वर हप्त्यात गेले तर ही तूट भरायला सुमारे सोळा महिने लागतील. त्याऐवजी ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या ३२ हजारांत बोर्ड आणि लाइनींची जोड घ्या. डिसेंबरपासून १० हजार गंगाजळीला, ६ हजार काइटसाठी वेगळ्या आरडीत. मे अखेरीस आरडीत ३६ हजार असतील. लोक परत जातात, सामान निघतं आणि भाव पडतात तो हाच काळ. त्या पैशात बसणारी चांगली पंधराची मिळाली तर घ्या, नाहीतर सप्टेंबरअखेर ६० हजार होतील आणि गंगाजळीही भरलेली असेल. पण त्याआधी नवा बोर्ड घेऊन या हंगामाची नोंद ठेवा: दुपारी दोनला आणि चारला हातातल्या यंत्रावरचा वारा, आणि पाण्यात उतरता आलं की नाही. अंदाजाच्या ॲपवरचे आकडे धरू नका. दुपारचा खारा वारा त्यांत बऱ्याचदा नीट पकडला जात नाही. मोठ्या बोर्डानंतरही वाया गेलेले १० ते १२ नॉटचे दिवस चारच्या आत असतील, तर तेवढे दिवस भाड्याने भागवा आणि आरडी मोडू नका.

आणि एक काम सोमवारीच करा. कंपनीच्या आरोग्य विम्यात आणि अपघात विम्यात साहसी खेळ वगळलेत का, हे एचआरकडून ईमेलवर लिहून घ्या. अपघात विम्यात हे कलम बऱ्याचदा असतं. हलक्या वाऱ्याचा खेळ सुरक्षित, असं गृहीत धरू नका: दोन वाजता ११ नॉट म्हणून मोठी काइट लावली आणि चारला १६ झाला की तीच आवरत नाही. नोकरी सुटली की कंपनीचा विमाही संपतो, तेव्हा स्वतःच्या नावावर आरोग्य विमा नसेल तर काइटच्या आधी तो घ्या. अर्जात हा खेळ लपवू नका.

बोर्ड बघायला जाताना स्क्रूड्रायव्हर न्या. फूटपॅड (पाय ठेवायची गादी) काढून इन्सर्टमध्ये (बोर्डात बसवलेल्या धातूच्या आट्यांत) स्क्रू फिरवून पाहा: स्क्रूसोबत इन्सर्टही फिरत असेल तर आत पाणी शिरलेलं असू शकतं. कडेला नखाने ठोका. पोकळ आवाज आला तर थर सुटलेत, असा बोर्ड सोडून द्या. फक्त स्क्रू गंजले असतील तर ती हजार रुपयांच्या आतली बाब आहे, आणि २८ हजारांत दोन-तीन हजार कमी करून मागायला पुरेसं कारण.