पहिला क्वेसार बघायचाय? ३सी २७३ घ्या

क्वेसार म्हणजे दूरच्या दीर्घिकेचं अतितेजस्वी केंद्र; पहिल्यांदा बघायला ३सी २७३ ही निवड चांगली आहे. त्याची प्रत (तेजाचं माप; आकडा मोठा तितकं तेज कमी) साधारण १२.९, त्यामुळे ८ इंची दुर्बीण आणि शहराबाहेरचं आकाश हवं. एप्रिल-मेमधली बिनचांदण्याची रात्र गाठा, डोळ्यांना अंधाराची अर्धा तास सवय होऊ द्या.

१. कन्या राशीतल्या ईटा ताऱ्यापासून ईशान्येला साडेतीन अंश सरका. नकाशात १४व्या प्रतीपर्यंतचे तारे हवेतच. नाहीतर नवखे हमखास शेजारचाच तारा क्वेसार समजतात.

२. वर्धन १०० ते १५० पट. कमी ठेवलंत तर उजळ पार्श्वभूमीत तो बुडतो.

३. धूसर डाग शोधू नका, दिसेल साधा ताराच! १९६३ मध्ये खगोलशास्त्रज्ञ मार्टेन श्मिट यांनी त्याच्या प्रकाशाचा वर्णपट उलगडला तेव्हा कुठे त्याचं प्रचंड अंतर कळलं: सुमारे २४० कोटी प्रकाशवर्षं.

त्यातून सुटणारा जेट, म्हणजे वेगवान कणांचा झोत, मात्र डोळ्यांना दिसणार नाही. फोटोचं नंतर बघू.