कातडीचा तुकडा तपासून पार्किन्सनचं निदान खरंच होतं का?

होतं, पण त्यातून काय कळतं आणि काय नाही हे आधी समजून घ्या. तुमच्या आईंचा हात थरथरतो, आणि आजार मेंदूचा असताना कातडी कशाला तपासायची, असं तुम्ही विचारलंय. मी पॅथॉलॉजिस्ट आहे, अशा बायोप्सी, म्हणजे तपासणीसाठी काढलेले तुकडे, रोज बघते.

पार्किन्सनमध्ये अल्फा-सायन्युक्लिन नावाचं प्रथिन बिघडून चेतापेशींत साचतं. ते मेंदूपुरतं राहत नाही. घामाच्या ग्रंथी, रक्तवाहिन्या, अंगावर काटा उभा करणारे इवलेसे स्नायू, यांच्याकडे जाणाऱ्या बारीक नसांतही, म्हणजे चेतातंतूंतही, सापडतं. जागा बधिर करून मान, मांडी आणि पाय इथून ३ मिलिमीटरचे तुकडे घेतात. प्रयोगशाळेत त्यांचे काप करून नसांना एक चमकणारा रंग देतात, बिघडलेल्या प्रथिनाला दुसरा. समजा नस हिरवी, प्रथिन लाल. नुसता लाल ठिपका दिसला म्हणून मी पॉझिटिव्ह लिहीत नाही. तो हिरव्या धाग्याच्या आतच असावा लागतो. कधीकधी कापामागून काप बघावे तेव्हा एखाद्यात असा धागा सापडतो. म्हणून प्रयोगशाळा या कामात मुरलेली हवी.

२०२४ साली ‘जामा’ या नियतकालिकात अमेरिकेतला एक अभ्यास आला. पार्किन्सनच्या ९६ पैकी ८९ रुग्णांत हे प्रथिन सापडलं, आजार नसलेल्या १२० पैकी ४ जणांत. आकडे उत्तमच आहेत. पण त्या रुग्णांचं निदान तज्ज्ञांनी आधीच पक्कं केलेलं होतं. जिथे डॉक्टरच साशंक आहेत तिथे हेच आकडे मिळतील असं धरून चालू नका. शिवाय ल्युई बॉडी डिमेन्शिया आणि मल्टिपल सिस्टिम अ‍ॅट्रॉफी या, हेच प्रथिन साचणाऱ्या मेंदूच्या इतर आजारांतही तपासणी पॉझिटिव्ह येते. म्हणजे आजाराचं कुळ कळतं, त्यातला नेमका कोणता हे न्यूरोलॉजिस्टच रुग्णाला तपासून ठरवतात.

आईंची लक्षणं ठळक असतील आणि लेव्होडोपा या पार्किन्सनवरच्या मुख्य औषधाने चांगला फरक पडत असेल, तर माझ्या मते बायोप्सीची गरज नाही. रिपोर्ट आला म्हणून औषध बदलणार नाही. थरथर पार्किन्सनची की इसेन्शियल ट्रेमर या थरथरीच्याच वेगळ्या आजाराची, की एखाद्या औषधाने आलेली, असा घोळ असेल तर मात्र जरूर विचार करा. उलटी थांबवणारं मेटोक्लोप्रमाइड किंवा मानसिक आजाराची काही औषधं चालू असतील तर ती डॉक्टरांना आधी दाखवा, परस्पर बंद करू नका. आणि रिपोर्ट निगेटिव्ह आला तरी पार्किन्सन नाहीच असं समजून पुढच्या तपासण्या टाळू नका.