अलिबागला बंगला की हॉटेल?

प्रश्न : आम्ही १२ जण, सोबत आजी-आजोबाही, दोन रात्रींसाठी अलिबागला जाणार आहोत. बंगला घ्यावा की हॉटेल?

उत्तर : बंगला घ्या, पण भाड्याआधी बाथरूम मोजा. ‘१२ जण झोपतील’ म्हणजे बहुतेकदा तीन खोल्या आणि हॉलमध्ये गाद्या. चार जणांमागे एक बाथरूम हवंच, आणि आजी-आजोबांना तळमजल्यावर, कमोड असलेली खोली. घरगुती इन्व्हर्टरवर सहसा एसी चालत नाही, म्हणून जनरेटरचं विचारा. स्वयंपाकाला माणूस मिळत नसेल तर मात्र हॉटेलच बरं. नाहीतर घरातल्या बायकांची सुट्टी ओट्यापाशीच जाते. जेवणाचे, साफसफाईचे पैसे वेगळे का, अनामत कधी परत मिळणार, हे व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या.